दोन शब्दांचा प्लॅन

पुराच्या कामासाठी आमचा कॉलम मांजरा नदीच्या काठी पोहोचला तेव्हा सकाळचे ०६४० झाले होते. एक ऑफिसर, दोन जेसीओ, अडतीस जवान, चार बोटी, तीन ट्रक. मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये नाईक होतो, ट्रेड इलेक्ट्रिशियन. कॉलमच्या यादीत माझं नाव आदल्या संध्याकाळी घातलं गेलं. रोलकॉलला कॅप्टन नायर साहेबांनी विचारलं होतं, "बिदर-कलबुर्गी साइड का कौन है?"

मी एक पाऊल पुढे आलो. "नाईक बिराजदार, साब. चिटगुप्पा."

"भाषा?"

"मराठी, कन्नड, उर्दू. तीनों, साब."

"चल तू भी."

मला भाषेसाठी नेलं होतं. वाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण मी ज्या कामासाठी गेलो होतो नेमक्या त्याच कामात चुकलो.

हुलसूरच्या पुढे नदीकाठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना पुन्हा त्या दिवसात ओढायचं नाही. गावाच्या खालच्या अंगाला पाणी शिरलं होतं. माणसं वरच्या शाळेत आणि मठात होती, साताठशे तरी असतील. पहिले दोन दिवस आम्ही बोटी चालवल्या. म्हातारी माणसं, बाळंतिणी, शेरडं, एक शिलाई मशीन, जे लोक सोडायला तयार नव्हते ते सगळं आणलं. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि खरी अडचण समोर आली. प्यायला पाणी नव्हतं. विहिरी गढूळ झाल्या होत्या. रस्ता तुटल्यामुळे टँकर येत नव्हता. मठात जुलाब सुरू झाले होते. गावाची पाण्याची टाकी उंचावर होती आणि शाबूत होती, पण टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला वीज नव्हती. पंपघराकडे येणारी अकरा केव्हीची लाईन ओढा ओलांडून येत होती. त्या ओढ्याने चार खांब नेले होते.

कॅप्टन साहेबांनी मला बोलावलं. "बिराजदार, बिजलीवालों के साथ बैठ. परसों १५०० बजे पंप चलना चाहिए. प्लॅन बना."

मी त्याआधी कधी पूर्ण लाईनचा प्लॅन केला नव्हता. कॅम्पातली वायरिंग, जनरेटर, फार तर एखादी केबल. पण नाही म्हणालो नाही. त्या गावात माझ्या बहिणीचं सासर होतं. तिच्या घरचे सगळे त्याच शाळेत होते आणि मी वर्दीत होतो.

बिजलीवाले म्हणजे दोघे. एक सिद्रामप्पा, वीज ऑफिसचा ऑपरेटर, मूळचा मादन हिप्परग्याचा. बोलणं कन्नडमध्ये, मराठी समजायची पण जिभेवर यायची नाही. दुसरा शरणप्पा, लाईनमन, हुलसूरचा. घरी मराठी, देवळात कन्नड, बाजारात दखनी. तो कंत्राटी होता. कायमचा लाईनमन कुठे आहे म्हणून मी विचारलं, तेव्हा शरणप्पा हसला.

"कायमचा कागदावर हाय, साहेब. खांबावर आमीच असतो."

शाळेच्या सातवीच्या वर्गात आम्ही फळ्यावर प्लॅन काढला. मी खडूने ओढा काढला, अलीकडचा काठ, पलीकडचा काठ. पलीकडे जिवंत लाईन, तिच्या शेवटच्या खांबावर हँडलचा स्विच. तिथून ओढ्यावरून अलीकडे चार नवे खांब, चौथा पंपघरापाशी. खांब ट्रकने येणार नव्हते. दोन बोटींच्या मधे बांधून ते पाण्यावरून आणायचे, ही कल्पना माझी. प्रत्येक कामापुढे मी वेळ लिहिली. ०५३० खांब बोटीला. ०८०० पहिला खड्डा. ११०० तारा ओढणे. शरणप्पा मागे बाकावर बसून बघत होता.

"तिसरा खांब तिथं रोवू नका," तो म्हणाला.

"का?"

"ती काळी माती हाय. आठ पावलं वर बाभळ हाय बगा, तिथं मुरूम लागतो. काळ्यात रोवलाव तर आजच वाकून सलाम करंल."

मी खडूने खांब आठ पावलं वर सरकवला. त्याचं ऐकलं. हे मुद्दाम सांगतो, कारण मी त्याचं काहीच ऐकलं नाही असं म्हणून सुटणं सोपं आहे. मातीचं ऐकलं. पुढचं ऐकलं नाही.

मोबाइलचे टॉवर बंद होते. दोन काठांमध्ये बोलायला आमचे रेडिओ सेट होते. कुणीतरी खांबावर असताना पलीकडे स्विच चालू आहे की बंद, हा निरोप सेटवरून येणार होता. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले आणि खाली रेघ मारली. चालू. बंद.

"बस, हे दोन," मी म्हणालो. "तिसरा शब्द सेटवर नको. हे हिंदीत चालतात, मराठीत चालतात, उर्दूत चालतात. कुणाला काही शिकवायला नको."

माझ्या वडिलांचं चिटगुप्प्याच्या बाजारात छोटं छापखान्याचं दुकान होतं. मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. संपाची पत्रकं, जयंतीची, मोर्चाची. अप्पा सांगायचे, पत्रकात शब्द कमी आणि ठाम पाहिजे, लांब बोलणारा काहीतरी लपवतो. फौजेने हेच दुसऱ्या तऱ्हेने शिकवलं. त्यामुळे फळ्यावरचे ते दोन शब्द बघून मला बरं वाटलं होतं.

शरणप्पाने मान हलवली. "बंद चालत न्हाई, साहेब."

"कामून?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"ह्यो सिद्रामप्पा कन्नडवाला. त्याच्यात करंट आला तर 'बंत' म्हणतेत. करंट बंत. आता दुरून बंत अन् बंद, तुमाला कळतंय का कुठलं ते? एकात माणूस वाचतो, एकात जळतो."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"आमी म्हणताव, लाईन झोपली. उठली तर उठली. ह्यो म्हणतो मलकोंडद. तेबी झोपलीच. मी इचारतो, झोपली का रे? तो म्हणतो, झोपली, पांघरूण घालून झोपली. तवा मी चढतो."

मागे बसलेले दोन जवान हसले. मीही हसलो. सिद्रामप्पाला शब्द सगळे कळले नव्हते, पण तो मान डोलवत होता, हो, असंच, असंच.

"अण्णा, हे फौजेचं काम आहे," मी म्हणालो. "सेटवर पांघरूण वगैरे चालणार नाही. एक शब्द, एक अर्थ. मी पलीकडे असेन तर मला कन्नड कळतंच की."

"तुमी तिकडं असाल तर मग काय बी म्हणा," शरणप्पा म्हणाला.

मी पलीकडे असेन. हे मी बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी खांब रोवले. बोटींमधली खांबांची युक्ती चालली. तिसरा खांब मुरमात पक्का बसला. शरणप्पा अनवाणी चालत प्रत्येक खांबाला हाताने ढकलून बघत होता, जनावर बाजारात बघतात तसा. जवानांनी त्याचं नाव उस्ताद ठेवलं. दुपारी त्याने आमच्या लंगरातलं जेवण घेतलं नाही. त्याची बायको महादेवी चुलत्याच्या घरी गावातच थांबली होती, तिने ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पाठवला होता. त्याने त्यातलीच अर्धी भाकरी मला दिली. म्हणाला, "फौजेत हे मिळतंय का, बिराजदार? मिळत असंल तर मी बी येतो."

"वय काय तुमचं?"

"एक्केचाळीस."

"मग नाही घेत."

"मग काय उपेग तुमच्या फौजेचा."

पंप सुरू करायच्या दिवशी सकाळी ०७०० ला ब्रीफिंग झालं. कॅप्टन साहेब म्हणाले, "बिराजदार, तू उस पार जा. ऑपरेटर की भाषा तुझे आती है. इस पार मैं तोमर को रखता हूं."

सिपाही तोमर, ग्वाल्हेरकडचा. चांगला सेट ऑपरेटर. त्याला फक्त हिंदी येत होती.

मी म्हणालो, "साब, मैं इस पार रहूं तो ठीक है. लाईनमन यहां है. पंपघर यहां है. उस पार सिर्फ दो शब्द बोलने हैं, तोमर बोल देगा."

साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "शुअर?"

"शुअर, साब."

मी दिलेलं कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. पंपघरापाशी गावातली माणसं जमणार होती. माझी बहीण, तिचे सासरे, दीर. पंप सुरू होईल तेव्हा हातात सेट धरून मी तिथे उभा असावा, असं मला वाटत होतं. एवढंच. एवढ्यासाठी मी काठ बदलला.

१३५० ला पलीकडून स्विच चालू केला. पंपाची मोटर घुमली, पण फिरली नाही. शरणप्पाने कान लावला आणि म्हणाला, "एक तार मेली हाय. चौथ्या खांबावर जोड ढिला असंल."

१४१० ला मोटरचं घुमणं थांबलं. मागूनच वीज गेली होती. पण गेलेली वीज केव्हाही येते, म्हणून खांबावर चढण्याआधी पलीकडचा स्विच उघडणं भाग होतं. पंपघरातला मोटरचा स्विच पाडून मी सेट उचलला. टायगर टू म्हणजे पलीकडचा तोमर.

"टायगर टू, स्विच बंद कराओ. बंद होने पर रिपोर्ट दो. ओव्हर."

"रॉजर. ओव्हर."

पलीकडे काय झालं ते मला नंतर कळलं. इथेच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला कोडं राहणार नाही. सिद्रामप्पाने हँडल ओढलं. पुराचा गाळ त्याच्या पाइपात बसला होता. हँडल अर्ध्यावर अडकलं, वरच्या पात्या सुटल्या नाहीत. तो दोन्ही हातांनी लटकला होता. समोर पिठाच्या गिरणीच्या ओसरीत एक बल्ब होता. तेवढ्यात तो बल्ब लागला. वीज परत आली होती. सिद्रामप्पा ओरडला, "बंत! बंत!"

तोमर एकाच शब्दाची वाट बघत होता. तो मी त्याला दिला होता. त्याने ऐकला.

"टायगर वन, बंद. ओव्हर."

मी नियमाप्रमाणे विचारलं, "कन्फर्म करो. ओव्हर."

तोमरने सिद्रामप्पाकडे बघून विचारलं, "बंद?" सिद्रामप्पाला ऐकू आलं, बंत? त्याने जोरजोराने मान हलवली. "बंत, बंत!"

"कन्फर्म. बंद. दो बार बोल रहा है. ओव्हर."

मी सेट खाली केला. "झालं, अण्णा. चढा."

शरणप्पाने वर पाहिलं, मग मागे पाहिलं. "साखळी तिसऱ्या खांबाला हाय. सकाळी तिथं टाकली व्हती. आणतो."

साखळी म्हणजे अर्थिंगची साखळी. लाईनमन ती तारांवर टाकून तिचं टोक जमिनीत देतो. मग चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाते, माणसात जात नाही. तिसऱ्या खांबापर्यंत गुडघाभर चिखल होता. जायला-यायला पंधरा-वीस मिनिटं.

"दोनदा कन्फर्म झालंय," मी म्हणालो. "तीनला पंप सुरू व्हायचा आहे."

"कोण बोललं? सिद्रामप्पा बोलला का तुमचा माणूस?"

"माझा माणूस."

"मग मला सिद्रामप्पासंगं एक शब्द बोलू द्या. झोपली का म्हणून इचारतो, बस."

"सेट सिव्हिलियनच्या हातात देत नाहीत, अण्णा."

हे मी हळू बोललो नाही. माझी बहीण दहा पावलांवर होती.

शरणप्पाच्या मागे मठातली एक बाई रिकामी घागर घेऊन उभी होती, सकाळपासून. त्याने तिच्याकडे पाहिलं की माझ्याकडे, ते मला आजही सांगता येत नाही. मग त्याने पट्टा कमरेला आवळला आणि म्हणाला, "चढतो मग. तुमच्या शब्दावर."

१४३२ ला त्याचा हात तारेला लागला. आवाज फार मोठा नव्हता. तो पट्ट्यात लटकला. आम्ही सेटवर ओरडलो, बोट पलीकडे पाठवली, वीज ऑफिसने मागून लाईन तोडली तेव्हा १४४१ झाले होते. त्याला खाली उतरवलं. आमच्या नर्सिंग असिस्टंटने चोवीस मिनिटं छाती दाबली. कॅप्टन साहेब गुडघ्यावर बसून घड्याळ बघत होते. मग त्यांनी असिस्टंटच्या खांद्यावर हात ठेवला.

पंप दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाला. मठातले जुलाब पुढच्या आठवड्यात थांबले. हेही खरं आहे.

मी बोटीने पलीकडे गेलो. सिद्रामप्पा गिरणीच्या ओसरीत खाली बसला होता. तोमर त्याच्यासमोर उभा होता, सेट अजून कानाला. "बिराजदार जी, इसने बंद बोला. मैंने दो बार पूछा," तोमर म्हणाला. सिद्रामप्पा माझ्याशी कन्नडमध्ये बोलला. त्याला वाटत होतं की त्याने वेळेवर सांगितलं आणि आम्ही ऐकून माणूस चढवला. दोघेही खरं बोलत होते. तिघांत खोटा ठरणार होतो तो मी, पण त्या वेळी नाही. दहा दिवसांनी.

दहा दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला विचारलं गेलं, "मृत व्यक्तीने चढण्यापूर्वी अर्थिंगची मागणी केली होती का?"

मी सावधानमध्ये उभा होतो. त्या महिन्यात माझं हवालदारचं प्रमोशन बोर्डापुढे होतं.

"ऐकू आलं नाही, साब. बोटीचं इंजिन चालू होतं."

"सेटवरचा निरोप स्पष्ट होता?"

"डिस्टर्बन्स होता, साब."

फळ्यावरच्या दोन शब्दांबद्दल कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तोमरने फक्त विचारलं तेवढं सांगितलं. सिद्रामप्पाचा जबाब कन्नडमध्ये होता आणि त्याचं हिंदी करायला मला बसवलं होतं. मी 'करंट बंत'चं हिंदी 'बिजली आ गई' असं अचूक केलं. ऐकणाऱ्याला 'बंद' का ऐकू आलं, ते त्या भाषांतरातून कुणाला कळणं शक्य नव्हतं. मला कळत होतं.

वीज ऑफिसने आपली वेगळी चौकशी केली. त्यांचा निष्कर्ष एका ओळीचा होता. कंत्राटी लाईनमनने नियमाप्रमाणे अर्थिंग न करता खांबावर चढून स्वतःच्या निष्काळजीपणाने अपघात ओढवून घेतला. या ओळीवर कुणाची नोकरी गेली नाही. सगळ्यांना ती ओळ बरी पडली. मलाही.

या सगळ्याआधी, अंत्यविधीला मी गेलो होतो. महादेवीअक्का भिंतीला टेकून बसली होती. तिने मला एकच विचारलं, "ते साखळी न टाकता चढले म्हणायलेत. त्यांनी तुमाला साखळीचं कायच म्हणलं न्हवतं का?"

मी खाली बघितलं. उत्तर दिलं नाही. तिने त्या गप्प राहण्याचा अर्थ तिच्या मनाप्रमाणे लावला. पुढच्या वर्षी मी हवालदार झालो.

सेवा पूर्ण करून मी चिटगुप्प्याला परत आलो. आता अप्पांचं दुकान मीच बघतो. गेल्या पावसाळ्याआधी एक माणूस पत्रक छापायला आला. वीज कंत्राटी कामगारांचं पत्रक होतं, मागण्यांचं. शेवटी कामावर मेलेल्यांची नावं होती. मी टाइप लावत खाली आलो. यादीत शरणप्पाचं नाव नव्हतं. मी विचारलं.

"त्यो हुलसूरचा का?" तो म्हणाला. "त्याचं न्हाई घातलं. त्याची सोताची चूक व्हती म्हणून रिपोर्ट हाय. घातलं तर वरचे म्हणतील, बगा, तुमचेच लोक नियम पाळत न्हाईत."

मेलेल्यांच्या यादीतूनही तो माझ्यामुळे बाहेर होता. मी दुसऱ्या दिवशी हुलसूरची बस पकडली.

जाण्याआधी मी हे सगळं चार पानांत लिहून काढलं होतं. तोंडाने सांगायला गेलो असतो तर मध्येच कुठेतरी इंजिनाचा आवाज आला असता. महादेवीअक्काने बाज टाकली, पाणी दिलं. तिची मुलगी भाग्यश्री दारात उभी राहिली. बाप गेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आता बारावीला आहे. मी पानं काढली आणि वाचली. काठ बदलल्याचं, साखळीचं, सेट हातात न दिल्याचं, इन्क्वायरीत दिलेल्या उत्तराचं. वाचताना थांबलो नाही.

अक्का म्हणाली, "मी मनात म्हणत व्हते, त्यो माणूस साखळीबिगर कदीच चढायचा न्हाई. लगीन झाल्यापून बघितलंय मी. घरातला बल्ब बदलायचा तर मेन काढून, फ्यूज खिशात घालून बसायचा. पन साहेब लोकांनी लिवलंय म्हणून मीच म्हणलं, चुकला असंल एका दिवशी."

"अक्का—"

"थांबा. मला बोलू द्या. ह्या पोरीच्या हातून कप फुटला, कुलूप लावायचं राहिलं, की आमच्या घरात काय म्हणतेत ठावं हाय का? बापावर गेली. मी बी म्हणलंय. मी सोता म्हणलंय तिला."

भाग्यश्री दारातून हलली नाही. ती म्हणाली, "मी गॅसचं बटन तीनदा बगते. झोपायच्या आदी एकदा, मग परत दोनदा. मला वाटायचं, माझ्यात बी ते असंल."

माफी हा शब्द मी चार पानांत शेवटी लिहिला होता. तो मी वाचला नाही. ज्याच्याकडे मागायची तो नव्हता, आणि या दोघींकडे मागणं म्हणजे त्यांच्याच डोक्यावर आणखी एक काम टाकणं होतं.

"हे आमच्यापुढं वाचून काय उपेग?" अक्का म्हणाली. "जिथं खोटं बोललाव, तिथं खरं बोला."

मी तसं केलं. वीज ऑफिसला लेखी जबाब दिला. तिथला माणूस म्हणाला की फाइल बंद झाली आहे. मी म्हणालो, मग उघडा, आणि पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. रेजिमेंटला रजिस्टर पत्र पाठवलं. त्यात लिहिलं की माझा इन्क्वायरीतला जबाब खोटा होता आणि त्याची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. कॅप्टन साहेबांना, आता ते मेजर आहेत, फोन केला. ते म्हणाले, "मैंने उस दिन शुअर पूछा था. मुझे दुबारा पूछना चाहिए था." त्यांनी स्वतःचा जबाबही नव्याने देण्याचं कबूल केलं आहे. पुढे काय होईल मला माहीत नाही. होईल ते छापीन.

सिद्रामप्पालाही भेटलो, मादन हिप्परग्याला. तो निवृत्त झाला आहे. त्याला सगळं सांगितल्यावर त्याने मला एकच विचारलं, त्याने दिलेली हाक शरणप्पापर्यंत पोहोचली होती का. मी सांगितलं, नाही, तुमची हाक माझ्यापर्यंत आली आणि मी तिची दुसरीच केली. तो म्हणाला, बरं झालं सांगितलंस. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की शरणप्पाने त्याचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

फौजेत पडलेल्या माणसाचं नाव दगडावर कोरतात. वर्षातून एकदा युनिट त्या दगडापुढे उभं राहतं, बिगुल वाजतो. ते योग्यच आहे. पण त्या ओढ्यावर आमच्या अडतीस जवानांतलं कुणी पडलं नाही. जो पडला त्याला बूटसुद्धा नव्हते. तो आमच्या ऑर्डरवर चढला, आमच्या वेळापत्रकासाठी चढला, आणि गावाला पाणी मिळावं म्हणून चढला. आम्ही त्याला नाव दिलं नाही, रिपोर्ट दिला. देशासाठी कोण पडलं याची यादी वर्दी बघून करणार असाल, तर ती यादी अर्धी आहे. हे मी वर्दी घातलेला माणूस म्हणून सांगतो.

हुलसूरहून निघताना भाग्यश्रीने माझी पानं मागून घेतली होती. उभ्याउभ्याच तिने ती वाचली. मी सगळीकडे 'शरणप्पा' लिहिलं होतं, एका ठिकाणी नुसतं 'लाईनमन'.

"तुमच्या साहेबाला कॅप्टन नायर लिवलाव," ती म्हणाली. "सोताला नाईक बिराजदार. आमच्या पप्पांचं निसतं शरणप्पा कामून?"

मी पेन दिलं. तिने लिहिलं. कामगारांच्या पत्रकाची नवी प्रत मी काल छापली, त्यात ते तसंच आहे, यादीत सगळ्यात वर, आणि इथेही तिच्या अक्षरातून जसंच्या तसं उतरवतो.

शरणप्पा गुरुपादप्पा मेत्रे. राहणार हुलसूर. लाईनमन. वय एक्केचाळीस. कामावर असताना गेले. त्यांची चूक नव्हती.